पंडिता रमाबाईंचे बायबल

स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे असे मंडळाने मला सांगितले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. हे नाव ठाऊक नाही अशी शिकलेली बाई महाराष्ट्रात विरळाच. शारदा सदन, केडगावचे मुक्ती मिशन, विधवांचे शिक्षण या गोष्टी आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेल्या असतात. त्यांनी धर्मांतर केले, हेही आपणांस माहीत असते. आणि बहुधा तेथेच आपली माहिती थांबते. कोणी त्यामुळे त्यांच्याकडे पाठ फिरवितात, कोणी तेवढा भाग वगळून बाकीच्या कार्याचा गौरव करतात. पण ज्या ग्रंथासाठी त्यांनी एवढे सोसले, तो ग्रंथ त्यांनी वाचला कसा, त्याच्याशी भांडल्या कशा, आणि शेवटी तो साध्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे कशी वेचली, ही हकीकत आपल्या बोलण्यात क्वचितच येते. तीच मला आज सांगावयाची आहे.

विश्रामबागेतून मिरजेकडे निघाले की वाटेत वानलेसवाडी लागते. ज्या डॉक्टर वानलेस यांचे नाव त्या वस्तीस आहे, त्यांनी 1894 साली मिरजेस मिशनचे इस्पितळ उभे केले. तेव्हापासून ख्रिस्ती कुटुंबे हे आपले शेजारीच आहेत. दिवाळीचे ताट त्यांच्याकडे जाते, नाताळचे आपल्याकडे येते. परंतु त्यांच्या घरी रोज उघडला जाणारा ग्रंथ त्यांना काय देतो, हे आपण सहसा विचारीत नाही. रमाबाईंचे चरित्र वाचताना मला त्या प्रश्नाचे थोडेफार उत्तर मिळाले.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आता कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्र्यांपाशी शिकत असताना, शास्त्रीबोवा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीदेखील संस्कृत शिकू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले आणि मनाशी गाठ बांधली. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. त्या काळी हे भलतेच धाडस होते. धर्मसभेपुढे उभे राहून आपल्या कृतीचे समर्थन करण्याची पाळी त्यांच्यावर आली. लोकापवादाला कंटाळून ते रानात जाऊन राहिले, तेथेच रमाबाई जन्मल्या.

पण रानातले घरही टिकले नाही. मुलगी सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून रमाबाईंनी डोंगर उतरला. पुढे मोठे होईपर्यंत घर असे त्यांना माहीतच नव्हते. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री. आई पहाटे उठून शिकवी. भोवती पुस्तके थोडी, पाठांतर फार. भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या मुखोद्गत झाले.

देवळात बसून पुराण वाचावयाचे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावयाचा, असा या कुटुंबाचा क्रम होता. कोणी पैसा ठेवी, कोणी मूठभर तांदूळ, कोणी फळ. पुष्कळदा वाचन केवळ संस्कृतात होई. ऐकणाऱ्या बायाबापड्यांना त्यातले अक्षर कळत नसे. पण कानावर पडले की पुण्य, एवढी त्यांची श्रद्धा. रमाबाईंनी हे सारे लहानपणापासून पाहिले. ग्रंथ वाचणारा वाचतो, ऐकणारा नमस्कार करतो, आणि अर्थ मध्येच कोठेतरी राहून जातो. त्यांच्या पुढच्या आयुष्याचे बीज मला येथे दिसते.

1874 च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळाने गाठले. साठविलेला पैसा संपला. श्रमाचे काम करण्याची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत झाडपाला खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम वडील गेले, मागोमाग आई, आणि काही महिन्यांत थोरली बहीण. आईच्या वेळी खांदा द्यावयास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. त्यांच्याबरोबर भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई यांनी तिरडी उचलली. रमाबाई ठेंगण्या, खांदा पुरेना, म्हणून आईचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

भाऊ-बहीण हजारो मैल पायी हिंडत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या मुलीचा असा सन्मान झाला. याच शहरात त्यांना बायबल प्रथम भेटले, आणि ती भेट मोठी गमतीची आहे. एका ख्रिस्ती मेळाव्यात ही बहीण-भावंडे गेली असता, जमलेली मंडळी प्रार्थनेसाठी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघ्यांवर बसली आणि त्यांनी डोळे मिटले. पुढे मूर्ती नाही, काही नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात, असे रमाबाईंना वाटले. निघताना कोणी त्यांना संस्कृतातले बायबल भेट दिले. त्यांनी ते उघडून पाहिले. भाषा संस्कृत खरी, पण धाटणी अगदी परकी. यावर वेळ घालविणे व्यर्थ, असे ठरवून त्यांनी ते बाजूस ठेवले. मात्र टाकून दिले नाही.

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना एक कामही सांगितले: पडद्यातील स्त्रियांना शास्त्राधारे स्त्रीधर्म समजावून सांगावा. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. पुष्कळ बाबतीत ग्रंथांचे एकमेकांशी जमत नाही, पण स्त्री आणि शूद्र यांच्या बाबतीत मात्र सर्वांचे एकमत होते, असे त्यांना आढळले. ज्या मुलीला आई-वडिलांनी एवढे शिकविले, तिच्या मनाला याने केवढा चटका बसला असेल! त्यांचे हे मत साऱ्यांनाच पटेल असे नाही. पण ते ऐकीव नव्हते, मूळ ग्रंथ वाचून झालेले होते, एवढे मान्य केले पाहिजे.

1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामात सिल्चर येथे संसार झाला तो जेमतेम दीड वर्षाचा. मनोरमा ही कन्या 1881 च्या एप्रिलात झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. याच सिल्चरच्या घरात त्यांना लूकचे शुभवर्तमान बंगालीत सापडले. ते पुस्तक घरात कोठून आले हेही त्यांना आठवेना. त्यांनी ते आवडीने वाचले. ॲलन नावाचे एक मिशनरी घरी येत. त्यांनी बायबलातील सृष्टीच्या उत्पत्तीचा अध्याय समजावून दिला. भेट म्हणून मिळालेल्या संस्कृत बायबलाने जे केले नाही, ते बोलीच्या जवळ असलेल्या एका लहानशा पुस्तकाने केले.

कडेवर लहान मूल घेऊन 1882 साली त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टरांची गरज मांडली. पुण्यास त्यांना मराठी नवा करार मिळाला, आणि मूळचे नीळकंठशास्त्री असलेले फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्याशी धर्मावर चर्चा होऊ लागल्या. वैद्यकी शिकावी म्हणून 1883 साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे वैद्यकीचा विचार सोडावा लागला. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

त्यांचे मन ज्या कथेने वळले, ती योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे जोगिणींनी वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. ज्यांना समाजाने दार बंद केले, त्यांना येथे प्रेमाने वागविलेले पाहून रमाबाईंनी याचे मूळ कशात आहे असे विचारले. तेव्हा एका जोगिणीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. भर दुपारी एक बाई विहिरीवर पाणी भरावयास येते. तिची जमात यहुद्यांना विटाळाची, तिचा संसारही मोडका. येशू तिच्याकडे पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माची चर्चा करतो. ती विचारते, देवाची उपासना करावयाची ती आमच्या डोंगरावर की तुमच्या यरुशलेमेत? आणि तिला उत्तर मिळते की खरी उपासना ना या स्थळाला बांधलेली, ना त्या. ती आत्म्याची आणि खरेपणाची गोष्ट आहे. सारे बालपण एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात पायपीट करण्यात गेलेल्या रमाबाईंनी हा अध्याय ऐकला, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? पाणवठ्यावरच्या एका साध्या बाईला देवाविषयी प्रश्न विचारता येतो आणि तिला सरळ उत्तर मिळते, हेच त्यांच्या मनाला जाऊन भिडले असावे, असे मला वाटते.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांचे प्रश्न संपले नाहीत. उलट तेव्हाच खरी सुरुवात झाली. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे देवत्व, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार या एकेका गोष्टीवर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या मिस बील यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार केला. जे आपल्याला बायबलात वाचून पटेल तेच आपण मानू. केवळ चर्च सांगते म्हणून मानणार नाही, असा त्यांचा हेका होता. त्या अहंकारी आहेत अशी बोलणी त्यांनी खाल्ली. एका क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. ती त्यांना रुचली नाहीत. आमच्या लोकांना न कळणारे लॅटिन आमच्या संस्कृताहून अधिक पवित्र का, असे त्यांनी विचारले. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. शास्त्रीपंडितांपुढे न दबलेली मुलगी बिशपांपुढेही दबली नाही.

1886 साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास त्या अमेरिकेस गेल्या. तेथे पुस्तक लिहून, व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई याच सदनात शिकल्या. या भागाची माहिती आपणा सर्वांस आहे, म्हणून मी तो लांबवीत नाही.

सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करीत आणि दार लावून घेत नसत. मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून 1893 साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे म्हणता येणार नाही, आणि रमाबाईंनी आपली श्रद्धा दाराआड लपवावी असेही म्हणता येणार नाही. दोन्ही बाजूंस दुःख झाले. रमाबाईंचे तर ज्या पुण्याने कौतुक केले होते, तेच पुणे दुरावले.

त्यांच्या स्वतःच्या श्रद्धेतही याच सुमारास एक मोठा पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही, असे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी जाणवले. सिद्धांत डोक्यात बसले होते, मन मात्र कोरडेच होते. त्यांनी पुन्हा बायबल हाती घेतले, या वेळी वाद जिंकण्यासाठी नाही. त्या वाचनाने आपल्या मनाला शांती मिळाली, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे.

1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुलींची वर्णने कानी आली तेव्हा त्यांना आपले जुने दिवस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि तीनशेच्या वर मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यास प्लेगमुळे निर्बंध होते. म्हणून पुण्यापुढे दौंडच्या वाटेवर केडगाव येथे घेतलेल्या शेतजमिनीवर झोपड्या उभारल्या. तेच मुक्ती मिशन. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. दळणे, विणकाम, तेलघाणा, शेती, दूधदुभते, छापखाना. सारी कामे बायकाच करीत. अंध स्त्रियांसाठी मनोरमेने ब्रेल लिपी शिकून शाळा चालविली.

तेथे मोठे प्रार्थनामंदिर बांधले. बायका जमिनीवर बसून उपासना करीत. कलकत्त्यात खुर्च्यांपुढे वाकलेली माणसे पाहून चकित झालेल्या मुलीने आपल्या लोकांसाठी उपासनेची आपली रीत घडविली. 1905 च्या आरंभी त्यांनी रोज प्रार्थनेसाठी कोण येईल असे विचारले तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. त्या जूनमध्ये तेथे प्रार्थनेचा जो जोर आला, त्याची बातमी देशोदेशीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पसरली. बायका मोठ्याने रडत, एकदम प्रार्थना करीत. काहींना हा अतिरेक वाटला. रमाबाईंनी मात्र आपल्या बायकांना देवाशी आपल्या रीतीने बोलू दिले. पाश्चात्यांच्या शांत उपासनेचा साचा त्यांच्यावर लादला नाही.

आता अखेरचे आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम. मराठीत बायबल नव्हते असे नाही. कॅरे यांनी श्रीरामपुरास नवा करार 1811 साली छापला होता, आणि संपूर्ण बायबल 1847 साली मुंबईस निघाले होते. परंतु केडगावच्या बायका शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, दुष्काळातून उचललेल्या. त्यांना त्यातली संस्कृतप्रचुर भाषा अडे. शिवाय त्यातील कित्येक संस्कृत शब्दांना आधीच दुसरा अर्थ चिकटलेला आहे, त्यामुळे मूळ आशय बदलतो, असे रमाबाईंचे मत होते. म्हणून त्यांनी 1905 च्या सुमारास नवे भाषांतर करावयास घेतले. इंग्रजीवरून करणे त्यांना मान्य नव्हते. पंचेचाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि बरोबरीच्या स्त्रियांना शिकता यावे म्हणून मराठीत हिब्रूचे व्याकरणही सिद्ध केले.

मनात आणून पाहा, भगिनींनो. जिला संस्कृताची पदवी कलकत्त्याच्या पंडितांनी दिली, ती बाई आता जड संस्कृत शब्द एकेक करून बाजूला काढीत बसली होती. जात्यावर बसणाऱ्या बाईला हा शब्द कळेल का, हीच तिची कसोटी. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या, पाने बांधणाऱ्याही मुक्तीतल्याच स्त्रिया. त्यांतल्या कित्येकींनी तेथे आल्यावर प्रथम अक्षर गिरविले होते. एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून सारे बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात फार थोडी. अमेरिकेतील ज्यूलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर 1876 साली छापले गेले, ते त्यांपैकी एक. पण वाचकांबरोबर राहून, त्यांच्याच हातांनी छापून घेतलेले असे दुसरे मला ठाऊक नाही.

1921 च्या जुलैत मनोरमा वारली. आपल्यामागे ती मुक्ती चालवील अशी आईची आशा होती. त्या धक्क्यातही, प्रकृती खालावली असताना, रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते संपवून 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबल छापून 1924 साली बाहेर आले. चर्चमधून सर्वत्र वापरले गेले ते बायबल सोसायटीचेच भाषांतर. रमाबाईंचे मागे पडले. मूळाशी इमान राखण्याच्या आग्रहात काही वाक्ये अवघड झाली, असे जाणकार म्हणतात. तरी ज्यांच्यासाठी ते केले, त्या केडगावच्या बायकांनी ते आपल्या डोळ्यांनी वाचले. 1989 साली भारत सरकारने रमाबाईंच्या नावे टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन आजही केडगावी चालू आहे.

रमाबाईंनी ज्या ग्रंथात समाधान शोधले, तो आपल्यापैकी बहुतेकींचा नाही, आणि तो व्हावा म्हणून मी हे लिहिलेले नाही. पण त्यांची वाचण्याची रीत आपण घ्यावी असे मला वाटते. आपल्या मंडळात हरिपाठ होतो, पोथी लागते, ज्ञानेश्वरीचे वाचन होते. आवाज गोड लागतो, पाने भराभर उलटतात, आरती होऊन प्रसाद वाटला जातो. एखादी ओवी कळली नाही तर तेथे थांबून अर्थ विचारणारी बाई मात्र आपल्यात क्वचितच असते. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, असे तिला वाटते. रमाबाई लहानपणी देवळात पुराण वाचीत तेव्हा समोर अशाच बायका बसलेल्या असत. त्यांना अर्थ कळावा, यासाठी पुढे या पंडितेने उतारवयात पुन्हा मुळाक्षरे गिरविली. येत्या वर्षी आपल्या वाचनात रोज निदान एका ओवीचा अर्थ सर्वांनी मिळून लावावा, एवढी माझी मंडळास विनंती आहे.